दोन तबकड्यांच्या मधे

गाणं संपतं. शेवटचा सूर विरतो, तानपुऱ्याची आस थोडा वेळ रेंगाळून मावळते, आणि सुई तबकडीच्या अगदी आतल्या त्या वळणात शिरते जिथे सूर कोरलेला नाही, नुसती वाट कोरलेली आहे. खसखसत ती त्या वाटेने लेबलाकडे धावते. मग थाळीखालून कुठूनसं एक 'टक्' उमटतं. सुईचा हात उचलला जातो, बाजूला सरतो. मधल्या दांड्यावर ताटकळलेल्या तबकड्यांतली सर्वांत खालची सुटते, हवेला दाबत खाली येते आणि आधीच्या तबकडीवर टेकते. हात परततो, कडेवर क्षणभर तोलतो, उतरतो. खरखर. आणि त्या खरखरीतून हळूहळू दुसरा तानपुरा उजळत जातो.

जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा हा सोहळा. त्यासाठीच मी ही यंत्रं उघडतो.

ज्यांच्या घरी रेडिओग्राम होता त्यांना चेंजर, म्हणजे आपोआप तबकड्या बदलणारं हे यंत्र, वेगळं सांगायला नको. दिवाणखान्यात भिंतीशी उभं असलेलं ते पॉलिश केलेलं लाकडी कपाट, जाळीदार कापडामागचा स्पीकर, काचेच्या पट्टीवर लिहिलेली दूरदूरची गावं, केंद्र नेमकं लागलं की मिटत येणारा तो हिरवा डोळा; आणि वरचं झाकण उचललं की आत, लाकडाच्या आणि तापलेल्या व्हॉल्वच्या मिश्र वासात पहुडलेला चेंजर. त्याच्या पत्र्यावर बहुधा गॅरार्ड नाहीतर बी.एस.आर. असं इंग्लंडचं नाव असायचं. सात-आठ तबकड्या एकदम चढवायच्या, कळ सरकवायची आणि लांब जाऊन बसायचं. पुढचं तो बघून घेई.

आमच्याकडे तबकड्या चढवायचा मान नानांचा. चेंजर सर्वांत खालची तबकडी आधी वाजवतो; त्यामुळे जे आधी ऐकायचं ते चळतीच्या तळाशी जातं, दिसेनासं होतं, आणि जे सर्वांत शेवटी ऐकायचं ते वर, डोळ्यांसमोर राहतं. नाना एकेक ७८ फेऱ्यांची जड, काळीभोर तबकडी कागदी पाकिटातून काढत, कडांना धरून फुंकर घालत आणि दांड्यावर ओवत: हिराबाई बडोदेकर, मग बालगंधर्वांचं एखादं पद, मग जी. एन. जोश्यांचं भावगीत, आणि सगळ्यांच्या वर अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी. मैफलीचा रिवाज ते घरातही मोडत नसत. मैफलभर खाली सगळं गरगरत असे आणि वर भैरवीचं लेबल निश्चल, वाचता येण्याजोगं. एक तबकडी सुटली की भैरवी एका तबकडीच्या जाडीएवढी खाली सरके. दुसरी सुटली, आणखी एक जाडी. आठ तबकड्या म्हणजे अर्ध्या तासाचीसुद्धा मैफल नव्हे, पण शेवट सुरुवातीपासून दिसत असल्यामुळे त्या वेळाला एक उतार मिळे, दिवेलागणीनंतरच्या वेळाला असतो तसा, आणि मला भैरवी ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून तिची हुरहुर लागे.

ती हुरहुर अजून लागते.

पुढे ही यंत्रं उघडायला लागलो तेव्हा एका गोष्टीने मला हलवून सोडलं. गाणं चालू असताना चेंजर काहीच करत नाही. मोटर फिरते, थाळी फिरते, सुई वाचते, एवढंच. ज्या यंत्रणेसाठी हा सारा खटाटोप, ती थाळीखाली चक्क स्वस्थ असते. तिच्यात एक मोठं दात्यांचं चाक असतं. थाळीच्या दांड्याला खाली छोटे दाते असतात आणि ते सतत फिरत असतात, पण मोठ्या चाकाला एके ठिकाणी दातेच नाहीत, आणि तेवढीच जागा नेमकी छोट्या दात्यांसमोर येऊन थांबलेली असते. दोघांची गाठ पडत नाही. गाणं संपलं की चाकाला जरासा धक्का बसतो, दात्यात दाता अडकतो आणि चाक एक पूर्ण फेरी घेतं. हात उचलणं, बाजूला नेणं, तबकडी सोडणं, हात परत आणून ठेवणं, सगळं त्या एका फेरीत. फेरी पुरी झाली की पुन्हा ती दाते नसलेली जागा समोर, पुन्हा स्वस्थता.

त्या रिकाम्या जागेत अख्खं गाणं मावतं.

पण गाणं संपलं हे त्याला कळतं कसं? खाँसाहेबांची ७८ ची तबकडी तीन मिनिटांत संपते, एल.पी.वरचा ख्याल वीस मिनिटं चालतो; यंत्राला ना घड्याळ ना कान. त्याच्याजवळ आहे फक्त एक खिट्टी, नखाएवढी, पातळ पत्र्याची, एका बारीक खुंटीवर सैल बसवलेली. गाणं पुढे सरतं तसा हात केसभर केसभर आत येतो आणि खिट्टीला केसभर पुढे ढकलतो. थाळीच्या दर फेरीला एक उंचवटा येतो आणि तिला अलगद मागे सारतो. अजून नाही. पुढची फेरी, पुन्हा केसभर पुढे, पुन्हा मागे. अजून नाही. वीस मिनिटांच्या एका बाजूत साडेसहाशेहून अधिक वेळा हा संवाद होतो आणि वर बसून ऐकणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. मग सुई शेवटच्या मोकळ्या वळणात शिरते, हात एकाच फेरीत बोटभर आत धावतो, खिट्टी एवढी पुढे जाते की उंचवटा आता तिला मागे सारू शकत नाही, उलट तिच्यातच अडकतो. आत्ता.

म्हणजे हे यंत्र वेळ मोजत नाही, जागाही मोजत नाही. ते चाल ओळखतं. गप्पा मारायला आलेला माणूस आता उठणार हे आपल्याला घड्याळावरून थोडंच कळतं. बोलण्याची लय बदलते, वाक्यं लांब लांब ढांगा टाकू लागतात, आणि आपण त्याने 'निघतो' म्हणण्याआधीच चपला कुठे आहेत ते बघतो. १९२५ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टमध्ये एरिक वॉटरवर्थ नावाच्या तरुणाने आपोआप तबकड्या बदलणारं यंत्र तयार केलं. पुढे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत किती डोकी या एका 'आत्ता'वर झिजली. मला विचाराल तर गेल्या शतकातल्या घरगुती यंत्रांत याहून हळुवार कल्पना दुसरी नाही.

टेबलावर सध्या गॅरार्डचा आर.सी. ८० आहे. क्रीम रंगाचा, कडेला पोपडे धरलेला, पत्र्याखाली पन्नासच्या दशकाचा अंधार. गॅरार्ड हे मूळ लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात तोफांना अंतर मोजून देणारी सूक्ष्म उपकरणं हवी होती, म्हणून १९१५ मध्ये त्यांनी यंत्रांची कंपनी काढली. युद्ध संपलं, तिने इंग्लंडमधल्या स्विंडनला बस्तान बसवलं आणि तेच हात ग्रामोफोनच्या मोटरींकडे वळले. ते नाव पुढे १९६० मध्ये प्लेसी कंपनीकडे गेलं, आणखी पुढे ब्राझीललाही पोचलं. मला त्या घडामोडींशी फारसं देणंघेणं नाही. मला दिसतो एका स्क्रूच्या डोक्यावर स्विंडनच्या कुणीतरी लावलेला लाल रंगाचा ठिपका: हा कसून झाला, आता हलवू नका. ते नखभर लाल अजून ताजं वाटतं. त्या ठिपक्याला हात लावण्याआधी मी नेहमी थबकतो.

थाळी उचलली की आधी वास येतो. वाळलेल्या ग्रीसचा वास मला डोळे मिटून ओळखता येईल. त्यात थोडं मेण, थोडी धूळ आणि बंद कपाटातला काळ असतो. कारखान्यातून निघताना जे मऊ होतं ते आता मधाच्या रंगाचं, घट्ट, चिवट झालेलं असतं. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून घसरायच्या तिथे त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, आणि नेमकी चिकटलेली असते ती खिट्टी. गाणं संपतं, सुई मोकळ्या वळणात फिरत राहते, फिरत राहते. आत्ता म्हणायला कुणी नाही.

मग स्पिरिट, बारीक ब्रश, जुन्या मलमलीच्या चिंध्या. बाल्कनीत दुपारचं ऊन कलतं तोवर मी एकेक क्लिप चिमट्याने काढतो, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ठेवत जातो, स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या ते कागदावर टिपतो, आणि स्पिरिटचा थेंब सोडून वाट बघतो. घाई केली की पट्टी वाकते. थेंब कडेकडेने आत झिरपतो, मधाचा रंग ढवळतो, चहाचा होतो, चिंधीवर उतरतो. खाली पितळ लकाकतं. दोन-तीन वेळा असं झालं की खिट्टी जराशी डुलते. आणखी एकदा, आणि ती नुसत्या श्वासाने हलते. तेवढी हलकी झाली पाहिजे. तिला तेल लावायचं नाही, थेंबसुद्धा नाही. तेलावर धूळ बसते, धुळीची पुन्हा चिकट साय होते. मोटरच्या बेअरिंगला तेल हवं, दात्यांना नवं ग्रीस हवं, पुसटसं; खिट्टी मात्र कोरडी. माझ्याकडे येणाऱ्या चेंजरांचं दुर्लक्षाने एवढं वाईट झालेलं नसतं, जेवढं कुणीतरी मायेने ओतलेल्या शिवणयंत्राच्या तेलाने झालेलं असतं.

सगळं परत जुळवलं की वीज जोडण्याआधी मी थाळी हाताने फिरवतो आणि टोन आर्म बोटाने अगदी सावकाश आत नेतो. काही होत नाही. होऊ नये. मग तोच हात किंचित झपकन सरकवतो.

टक्.

या कामात पावसाळा मला वैरी वाटतो. त्या काळच्या कितीतरी पिकअपमध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या भागात, रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. दाबला की वीज देणारा. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये ज्या स्फटिकांत हा गुण पाहिला त्यांतला तो एक. सुई थरथरते, स्फटिक किंचित पिळवटतो आणि त्या पिळवटण्याचंच गाणं होतं. पण हे मीठ आहे, दमट हवा त्याला सोसत नाही. कोकणातल्या, मुंबईतल्या घरांत आषाढ-श्रावण आला की आवाज आधी बारीक होई, मग पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा, मग नुसती सुईची कुजबुज. असा एक पिकअप मी उघडला आहे. आत काच असावी अशी अपेक्षा होती. तिथे होता एक पांढुरका, ओलसर चुरा. कुठल्या कुठल्या श्रावणांनी तो विरघळवला असेल, आणि त्याच्या शेवटच्या कणांतून शेवटचं कोण गायलं असेल? पुढे सिरॅमिकचे पिकअप आले, ते या हवेत टिकले. स्फटिक गेला की तो बदलावाच लागतो. इथे मूळ भागाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मूळ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला एका अमेरिकन चेंजरने घातला. एक डॉक्टर शिक्षण संपवून परतताना तो घेऊन आले होते. घरी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बसवला, चेंजर चालला. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची आंदोलनं बदलत नाही. तिकडे ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. मोटर त्या प्रमाणात मंद फिरते, ३३⅓ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला अठ्ठावीसदेखील होत नाहीत. आणि साठाला पन्नास म्हणजे सहाला पाच, म्हणजे बरोबर षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर. काळी चारमध्ये गाणारी बाई त्या घरात वर्षानुवर्षं पांढरी चारमध्ये गात होती, विलंबित आणखी विलंबित झाला होता, आणि ताना पायऱ्या उतरणाऱ्या वयस्क माणसासारख्या जपून खाली येत होत्या.

मी एका लेथवाल्याकडून मोटरच्या टोकावर बसणारी, ५० आंदोलनांसाठीची जाड पुली करून घेतली. वेग जुळला. डॉक्टर आता नाहीत. त्यांच्या पत्नी खुर्चीत बसून ऐकत होत्या. आवाज तरुण झाला, उजळला, वर चढला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हेच बरोबर असणार. पण आमच्याकडे ती अशी गात नसे हो."

मी जुनी पुली कागदाच्या पुडीत बांधून चेंजरच्या लाकडी चौकटीला आतून चिकटवून दिली. ज्याला हवी त्याने ती बसवावी. त्या संध्याकाळपासून मी 'बरोबर' हा शब्द जपून वापरतो.

चेंजरवर जाणकारांचा राग आहे तो मला ठाऊक आहे. तबकडीवर तबकडी आपटते, चळत वाढेल तसा सुईचा कोन बदलतो, हाताचं वजन जास्त. यातलं काही खोटं नाही. माझ्या दुर्मिळ तबकड्या मीही चेंजरवर चढवत नाही. पण या यंत्राने ऐकण्याची एक रीत घडवली होती आणि तबकड्यासुद्धा त्याच्या कलाने घडल्या होत्या. एल.पी.च्या कडेला आणि लेबलापाशी किंचित उंच गोठ ठेवला जाऊ लागला, तो एकावर एक पडलेल्या तबकड्यांच्या चरा एकमेकींना लागू नयेत म्हणून. त्याआधी ७८ च्या काळात पाश्चात्त्य सिंफनी तुकड्यातुकड्यांनी निघत तेव्हा तीन तबकड्यांच्या संचात पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी नसे, सहावी असे. दुसरीच्या पाठीवर पाचवी, तिसरीच्या पाठीवर चौथी. तिन्ही वाजल्या की अख्खी चळत एकदाच उलटायची आणि उरलेलं संगीत क्रमाने खाली येत राहायचं. असा संच हातात आला आणि सोबतचं यंत्र नसलं, तर त्या उलट्यासुलट्या आकड्यांतून ते गैरहजर यंत्र मला स्पष्ट दिसतं.

७८ ची तबकडी लाखेची. छोटा नागपूरच्या रानात पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर इवले किडे जी राळ सोडतात, तिने जगभरचे आवाज धरून ठेवले. म्हणून तिचं पडणं वेगळं: एल.पी. 'थप्' म्हणते, लाखेची तबकडी 'खट्' म्हणते, कोरडं, ठाम, आत किंचित किणकिण असलेलं. त्या एका आवाजासाठी मी माझ्या साध्या, दोन-दोन प्रती असलेल्या तबकड्या अजून चळतीने चढवतो.

सुट्या भागांसाठी पुण्यात रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फिरावं लागतं, आणि पुष्कळदा एक चेंजर जगवायला दुसरा मोडावा लागतो. ते मला आवडत नाही, पण करतो. मात्र कधीकधी उत्तर अगदी दाराशी असतं. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेओर्गन या घड्याळांच्या गावी ड्युअल कंपनीचे अतिशय नेटके चेंजर बनत. त्यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच यंत्रांत एका तरफेच्या टोकावर डाळीएवढं रबरी टोपण असतं. त्याच्याच पकडीने मोठ्या चाकाची चाल हातापर्यंत पोचते आणि हात बाहेर किंवा आत जातो. ते टोपण कालांतराने चुरून नाहीसं होतं. मग हात उठतो, भलतीकडेच जातो, रिकाम्या जागी उतरतो, भरकटतो. एवढ्या देखण्या यंत्राचं सारं दिशाभान त्या डाळीत. त्यावर तिकडच्या हौशी लोकांनीच काढलेला उपाय म्हणजे सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा तुकडा. मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने बोटभर काळी नळी कापून हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत. तिचा मिलिमीटरभर काप त्या पितळी टोकावर चढवला, चाक फिरवलं, आणि हात उठून नेमका तबकडीच्या कडेवर जाऊन उभा राहिला.

तुमच्या माळ्यावर, गावच्या घरात, एखाद्या मावशीच्या बंद दिवाणखान्यात रेडिओग्राम असेल तर माझी विनंती आहे. वायर लगेच बोर्डात खुपसू नका, तिचं रबर तडकलेलं असतं. आत तेल ओतू नका. तबकड्या उचलून उभ्या ठेवा, झाकण उघडा, आणि थाळी हाताने सावकाश घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बघा. अडली तर जोर करू नका. आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी ते यंत्र एकदा कुणातरी जाणत्याला दाखवा. यातले बहुतेक चेंजर बिघडलेले नसतात. त्यांचं फक्त ग्रीस वाळलेलं असतं.